तंजावरला दोन रात्री द्या : दक्षिण भारत सहली काढणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एका कंपनीच्या बसमध्ये आसन क्रमांक १७ वर बसून मी दक्षिण भारत पाहिला. शेजारी १८ वर बायको. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण तुम्हा सगळ्यांच्या पत्रकांत तंजावरचा दिवस एकसारखाच असतो : नाश्ता, प्रवास, बृहदीश्वर, राजवाडा, जेवण, पुढे प्रस्थान. जेवणाची तक्रार नाही. भर तंजावरात गरम मसालेभात आणि मठ्ठा वाढणाऱ्या तुमच्या आचाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

तक्रार आहे ती घड्याळाची. बस देवळाशी लागली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. गाभारा बंद झालेला, तो चार वाजता उघडणार. चपला बाहेर काढलेल्या. आणि पुढे ते एवढं मोठं दगडी अंगण, डोक्यावर आलेल्या उन्हात तापून तव्यासारखं झालेलं. आमच्या गटातल्या पंचेचाळीस जणांनी जगप्रसिद्ध चोळ शिल्प पाहिलं ते चिमण्यांसारखं टुणटुण उड्या मारत. माझ्या बायकोनं बाटलीतलं प्यायचं पाणी पायांवर ओतलं. तेवढ्यात आमचा गाईड सांगत होता, की या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. हे मी ऐकत होतो शिखराच्या सावलीत उभा राहून. उत्तरेच्या अंगाला चांगली ऐसपैस पडली होती. तिथेच काय ती पाय टेकायला जागा होती.

पुढे पंधरा मिनिटांत सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडल्याची गोष्ट झाली, राजवाड्यासमोर गटाचा फोटो झाला, मग एका शोरूममध्ये पाऊण तास. देवळाला पंचवीस मिनिटं, शोरूमला पंचेचाळीस. बसमध्ये बसलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "झालं तंजावर."

ते काही माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे. वडील कीर्तनकार, मी पेटीवर साथ करणारा. वडिलांच्या तोंडी तंजावर हे नाव अधूनमधून यायचं, पण कशासाठी ते मी कधी नीट विचारलं नाही. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघं पुन्हा गेलो. रेल्वेनं त्रिचीपर्यंत, तिथून साध्या एसटीसारख्या बसनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दोन रात्री राहिलो. हे पत्र त्या दोन रात्रींमुळे लिहितो आहे, आणि मागणी एकच आहे : तुमच्या पत्रकात तंजावरपुढे 'मुक्काम' हा शब्द छापा, आणि तो दोन रात्रींचा असू द्या.

देवळापासूनच सुरुवात करतो, कारण तुम्हीही तिथूनच करता. संध्याकाळी पाच वाजता जा. दगड निवलेला असतो, ऊन तिरपं येऊन शिखराला मधाचा रंग चढतो, गावातली माणसं पोरांना घेऊन अंगणात येऊन बसतात. तेव्हा कळतं की हे 'स्मारक' नाही, चालतं देऊळ आहे. राजराज चोळानं ते १०१० मध्ये पुरं केलं. शिखर सुमारे २१६ फूट. हे आकडे तुमचा गाईड सांगतो. पण जोत्यावरच्या भिंतीभर जी बारीक तमिळ अक्षरं कोरली आहेत, ती म्हणजे या देवळाची हिशेबाची वही आहे, हे सांगत नाही. तिच्यात ४०० नर्तकींची नोंद आहे. नुसता आकडा नाही. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आणली, देवळाभोवतीच्या वस्तीत कुठल्या गल्लीच्या कुठल्या ओळीत तिचं घर, आणि वर्षाला १०० कलम (धान्याचं तिथलं माप) भात. तेवारमची, म्हणजे शिवस्तुतीची तमिळ पदं म्हणायला ४८ गायक आणि साथीला दोन वादक, यांचीही नोंद आहे. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच्या एका तरी गाणारणीचं घर कुठल्या गल्लीत होतं, हे कुणी सांगू शकेल का? इथे ते दगडावर आहे. आणि आपण त्या दगडाला टेकून सेल्फी काढतो.

वरच्या मजल्यावर, गाभाऱ्याभोवतीच्या बोळात, नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नाचातल्या हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत. नाचणारा स्वतः शिव. उरलेल्या सत्तावीस चौकटी कोऱ्या. खालच्या बोळात चोळांची भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यावर, मराठ्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायकांच्या काळात, दुसरी चित्रं काढली गेली होती, आणि खालची जुनी चित्रं १९३१ मध्ये उजेडात आली. हे दोन्ही बोळ सर्वसामान्यांना खुले नाहीत, त्यामुळे तुम्हाला ते दाखवता येणार नाहीत, मान्य. पण त्या कोऱ्या चौकटींबद्दल नुसतं सांगितलं तरी माणूस वर बघत उभा राहतो. मी राहिलो.

आता आपल्या मराठी शिलालेखाकडे येतो. नैर्ऋत्येच्या बाजूला, ओवरीच्या भिंतीवर, देवनागरीत मराठी लेख आहे. पहिल्या खेपेला आमच्या गटानं तिथे घोषणा दिल्या. मीही दिली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या खेपेला तो लेख सावकाश वाचायचा प्रयत्न केला. भोसल्यांच्या घराण्याचा हा इतिहास, बाबूराव चिटणिसांनी लिहिलेला, तेव्हाचे तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. आता हे साल लक्षात ठेवा आणि त्याच्या शेजारी १७९९ ठेवा. त्या वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या करारानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि वर्षासन. म्हणजे राज्य गेल्यावर चार वर्षांनी या माणसानं आपल्या घराण्याची हकिकत दगडात लिहून ठेवली. हे कळल्यावर त्या भिंतीपुढे घोषणा द्यायला जीभ रेटत नाही. तिथे गप्प उभं राहावंसं वाटतं.

आणि मग त्या राजानं काय केलं? सैन्य नाही, महसूल नाही, अशा राजानं पुस्तकं जमवली. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण ते आज ज्यासाठी ओळखलं जातं ते सरफोजीराजांमुळे. काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या जमवत आले. ताडपत्रं, कागदी पोथ्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि मराठीतल्या तीन हजारांहून अधिक. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा होता. राजवाडा 'बाहेरून' दाखवताना तुम्ही नेमकं हे वगळता. ग्रंथालयाच्या लहानशा संग्रहालयात तिकीट काढून कुणालाही जाता येतं. तासाभराचं काम आहे.

मराठ्यांचं राज्य १६७६ च्या आसपास व्यंकोजीराजांपासून सुरू झालं आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना वारल्यावर संपलं. जवळजवळ १८० वर्षं. या काळात दरबाराची भाषा कोणती, असं मला बसमधल्या एका काकांनी विचारलं होतं. तेव्हा मी ठणकावून 'मराठी' म्हणालो होतो. उत्तर तेवढं सोपं नाही. घरात मराठी, दप्तरात मोडी, गाण्यात तेलुगू, शास्त्रात संस्कृत, आणि गावात अर्थातच तमिळ. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः तेलुगूत यक्षगानं, म्हणजे गाण्यानाचाची नाटकं, लिहीत. तुळजाराजांनी संगीतावर संस्कृतात 'संगीत सारामृत' लिहिलं. भाषा बदलताना यांना आपण काही सोडतो आहोत असं वाटलेलं दिसत नाही. हल्ली आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरून जे चालतं ते पाहता, हे गाईडनं एकदा सांगायला हरकत नाही.

शहाजीराजांनी मराठी नाटकंही लिहिली. इथे मला जरा घसा खाकरावा लागतो, कारण मी सांगलीचा आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी आमच्या गावात 'सीतास्वयंवर' केलं, तो दिवस मराठी रंगभूमी दिन, आणि सांगलीकर माणसाला यावर कुणी शंका घेतलेली खपत नाही. पण शहाजीराजे १७१२ मध्ये वारले. म्हणजे त्यांची नाटकं भाव्यांच्या आधी सव्वाशे वर्षांहून जास्त. भाव्यांना तंजावरची नाटकं ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांच्यापुढे होता तो कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ. त्यामुळे पहिलं कोण हा वाद मी घालणार नाही. घरी मात्र हे सांगितल्यावर दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

सरफोजीराजांचं 'देवेंद्र कुरवंजी' तर अजबच आहे. कुरवंजी म्हणजे डोंगरातली, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी बाई. तमिळ नाट्यातलं ठरलेलं पात्र. नायिका विरहानं झुरते, कुरवंजी येते, हात बघते, तो भेटेल म्हणते. राजांनी ही बाई उचलली, तिच्या तोंडी मराठी घातली आणि तिच्याकडून भविष्याऐवजी जगाचा भूगोल सांगवून घेतला. खंड, देश, शहरं, सगळं गाण्यात. आम्हाला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींना हे ठाऊक असतं तर माझे किती मार वाचले असते.

नाचाचंही तेच. आज भरतनाट्यम् म्हणून जो क्रम मुंबई-पुण्यातल्या मुली अरंगेत्रमला, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या कार्यक्रमाला, नाचतात – अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना – त्याची घडी बसवली ती चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी, याच दरबारात. त्यांचं वडिलोपार्जित घर पश्चिम राजवीथीवर आहे. बंगारू कामाक्षीचं देऊळही त्याच रस्त्यावर. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार श्यामा शास्त्री तिचे उपासक. तुमची बस त्या रस्त्यानं जाते की नाही मला आठवत नाही, कारण त्या वेळी आम्ही अंताक्षरी खेळत होतो. जुन्या शब्दम्‌च्या शेवटी राजाला 'सलामु रे' म्हणतात. तो दरबारी मुजरा आजही नाचात शिल्लक आहे. ज्याला करायचा तो राजा गेला. आणि सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या बाडात या सबंध नाचासाठी मराठी रचना आहेत. एकाच रागात, एकाच कथेवर, अठरा जिनसांची माळ : जयजय, शरणु, अल्लारू अशी सुरू होऊन मंगलापर्यंत जाणारी. 'जिन्नस' हा शब्द मला फार आवडला. वाण्याच्या यादीतला शब्द, नाचाला लावलेला.

नाचवून घेणारे चार भाऊ, गाणं लिहिणारे राजे, हे सगळं आपण सांगतो. नाचणाऱ्या बायकांची नावं मात्र १०१० च्या भिंतीनंतर विरळ होत जातात. मुद्दुपळणी ही प्रतापसिंहराजांच्या दरबारातली गणिका-कवयित्री. तिनं तेलुगूत राधेवर काव्य लिहिलं. बंगळूरच्या नागरत्नम्मांनी १९१० मध्ये ते पुन्हा छापलं तर इंग्रज सरकारनं अश्लील म्हणून बंदी घातली. ती उठायला १९४७ उजाडलं. याच नागरत्नम्मांनी आपली पुंजी खर्चून तंजावरपासून १३ किलोमीटरवर तिरुवैयारूला, कावेरीच्या काठी, कर्नाटक संगीताचे संतकवी त्यागराज यांच्या समाधीवर देऊळ बांधलं. तिथल्या उत्सवात बायकांना गायला मज्जाव होता, तर त्यांनी बायकांना घेऊन वेगळं गायला सुरुवात केली. १९५२ मध्ये त्या गेल्या. त्यांचीही समाधी त्याच आवारात, त्यागराजांकडे तोंड करून बसलेली त्यांची मूर्ती. माझी बायको त्या मूर्तीपुढे बराच वेळ बसली होती. काय चाललं होतं मनात ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

महाराष्ट्रातल्या पर्यटकाला सांगण्यासारखा आणखी एक धागा बडोद्याचा. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर आंदण म्हणून तंजावरहून नर्तकी आणि नट्टुवनार, म्हणजे नाच बसवणारे गुरू, बडोद्याला आले. माणसं आंदण दिली जात, हे वाचून आज कसंसंच होतं. पण त्यांच्यातले काही तिथेच रुजले आणि 'तंजोरकर' झाले. गुजरातेत भरतनाट्यम् पोचलं ते असं, लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर.

शोरूमबद्दल बोलायलाच हवं. तिथे आम्हाला तंजावर चित्रं दाखवली. 'बावीस कॅरेट सोनं' एवढं एकच वाक्य विक्रेत्यानं बारा वेळा म्हटलं. दुसऱ्या खेपेला एका घराच्या पडवीत काम चालू होतं तिथे आम्ही दीड तास बसलो. लाकडी फळीवर कापड चिकटवलेलं. पूर्वी फळी फणसाची असायची, आता बहुतेक प्लायवूड. फळीवर काढतात म्हणून तमिळमध्ये या चित्रांना 'फळीवरची चित्रं'च म्हणतात. खडूची पूड आणि डिंक कालवून केलेला लगदा थराथरानं चढवून दागिने, महिरप, सिंहासन उठावाचं करायचं. त्यात काचेचे खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख, आणि रंग सगळ्यात शेवटी. लोण्याचा गोळा घेतलेला तो गुबगुबीत कृष्ण असा तयार होतो, आणि चेहऱ्याचे डोळे उघडायचे असतात तेव्हा घरातलं कुणी बोलत नाही. आम्ही काही विकत घेतलं नाही. त्यांनी तरी कॉफी दिली. मला माहीत आहे, शोरूमचं तुमचं गणित वेगळं असतं. मी दुकान बंद करा म्हणत नाही. त्याच्या आधी अर्धा तास एखादी अशी पडवी दाखवा. विक्री वाढेल, बघा.

वीणेच्या बाबतीत मी जरा पक्षपाती आहे. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तंबोऱ्याचा भोपळा कसा पिकवतात, कसा वाळवतात, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो. तंजावरच्या वीणेचा भोपळा भोपळ्याचा नसतो, फणसाच्या लाकडाचा कोरलेला असतो. सबंध वीणा एकाच ओंडक्यातून काढली तर ती 'एकांड' वीणा, तिचा भाव वेगळा. दांडीच्या दोन्ही कडांवर मेण आणि कोळशाची काळी पूड यांचा लेप देतात आणि त्यात पितळेचे २४ पडदे स्वर लावत लावत बसवतात. हे करणारा माणूस पडदा दाबतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा सरकवतो. मिरजेला जवारी काढणाऱ्याची मान अगदी अशीच हलते. आमच्यात सामाईक भाषा शून्य, पण त्यानं एक पडदा मुद्दाम किंचित बेसूर ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी नाक मुरडलं. तो खो खो हसला. तिथून पुढे आम्ही दोस्त.

हे २४ पडद्यांचं रूप रघुनाथ नायकाच्या काळात ठरलं असं मानतात. त्याच्यानंतरच्या विजयराघव नायकाच्या दरबारी व्यंकटमखींनी 'चतुर्दण्डिप्रकाशिका' लिहिली आणि बारा स्वरांतून ७२ मेळ, म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच, मांडून दाखवले. भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत हिंडले. त्यांनी दहा थाट मांडले तेव्हा व्यंकटमखींची ही मांडणी त्यांच्यापुढे होती. म्हणजे पेटीवर बोट ठेवून 'हा काफी थाट' असं मी पोरांना शिकवतो, त्याचा एक पाय तंजावरात आहे. तीस वर्षं पेटी वाजवून हे मला त्या गावच्या बाकावर बसून कळलं.

दुसऱ्या रात्रीचं सांगतो आणि मग तुमचा वेळ घेत नाही. एका लहान देवळाच्या मंडपात हरिकथा होती. लॉजच्या मालकानं सांगितलं म्हणून गेलो. पन्नाशीची बाई, हातात चिपळ्या, मृदंग, साथीला एक व्हायोलिन. कथा रुक्मिणीची असावी, 'रुक्मिणी' आणि 'द्वारका' एवढेच शब्द मला कळत होते. तमिळ गद्य भराभर चाललं होतं. मध्येच ती थांबली, सूर बदलला आणि काहीतरी म्हणू लागली. माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. सोळा मात्रा, मग बारा. सोळा, बारा. साकी! आपल्या कीर्तनातला पद्यप्रकार. शब्द तमिळ, चाल आमच्या ओट्यावरची. पुढची ओळ कुठे वळणार, कुठे टेकणार, हे मला आधीच कळत होतं, आणि ती तिथेच वळत होती, तिथेच टेकत होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं दिंडी, कीर्तनातलं दुसरं वृत्त, तेही आलं.

वडील तंजावरचं नाव का घ्यायचे ते त्या क्षणी उलगडलं. तंजावर मुलखात समर्थ संप्रदायाचे मठ होते, मराठी कीर्तनकार येत-जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तिथे आले, गाजले. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी आपली कथा नव्यानं बांधली : साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या हे सगळं तमिळ आणि तेलुगू कथेत नेऊन बसवलं, वर कर्नाटक संगीताचं गाणं चढवलं. त्यातून आजची दक्षिणेतली हरिकथा उभी राहिली. पुढे सरस्वतीबाई नावाच्या बाईंनी, लोकांच्या विरोधाला न जुमानता, उभं राहून कथा करायला सुरुवात केली आणि बायकांसाठी ती वाट मोकळी झाली. कर्नाटक मैफिलीच्या शेवटी आज जो अभंग हमखास म्हटला जातो, त्याच्या मागेही ही सगळी ये-जा आहे. सांबाराचं नाव कशावरून पडलं ही ऐकीव गोष्ट. तिच्या मागे त्या काळातला कागद नाही. साकीला कागदाचीही गरज नाही. ती कानानं ओळखता येते. तुमच्या गाडीत भजनी मंडळाच्या किती बायका असतात! त्यांना ही साकी एकदा ऐकवा, मग त्या सांबाराचं नाव काढणार नाहीत.

कथा संपल्यावर मी त्या बाईंना नमस्कार केला आणि माझी साकी म्हणून दाखवली, मोरोपंती वळणाची, वडिलांची आवडती. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि साथ दिली. मृदंगवाल्यानंही. मंडपात उरलेली दहा-पंधरा माणसं पुन्हा खाली बसली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठरवून दाखवता येत नाही. खरं आहे. पण दोन रात्री राहिल्याशिवाय ते घडणारही नाही. तुमच्या हिशेबात एक रात्र वाढली की माणशी खर्च वाढतो, तेही कळतं. मग दुसरं काही कापा. कन्याकुमारीच्या शंखशिंपल्यांच्या बाजाराला दिलेली सबंध दुपार कापा, तिरुपूरचं बनियन मार्केट कापा. स्थानिक तमिळ गाईड घ्या आणि आपल्या व्यवस्थापकाला दुभाषी करा. सावली पडत नाही असं तो तमिळ गाईड तरी सावलीत उभं राहून सांगणार नाही. आणि गटाला बसमध्येच बजावा, की आपण आपल्या जुन्या राज्यात चाललेलो नाही, दुसऱ्याच्या गावी पाहुणे म्हणून चाललो आहोत. या गावात आपल्या लोकांची भाषा बोलणारी काही घरं आजही आहेत. त्यांची मराठी ऐकून हसू नका म्हणावं. ती आपल्यापेक्षा जुनी आहे.

त्यागराजांची आराधना पौष वद्य पंचमीला असते, आपल्याच पंचांगात बघून तारीख काढता येते. बहुधा जानेवारीत येते. त्या सकाळी तिरुवैयारूला कावेरीकाठी शेकडो गवय्ये मांडी घालून एकत्र त्यागराजांच्या पाच रचना, म्हणजे पंचरत्नं, त्या-त्या रागात म्हणतात : नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. तिकीट नाही, खुर्ची नाही. तंजावरला मुक्काम ठेवून ती सकाळ धरलीत, तर आमची दोन नावं आजच लिहून घ्या. शिवाय आमच्या भजनी मंडळातल्या अकरा बायका आहेत, त्यांना मी हे सगळं सांगून बसलो आहे, त्या रोज विचारतात.

आसनं १७ आणि १८ मिळाली तर बरं. पत्रकाच्या तळाशी 'सोबत काय आणावे' अशी यादी असते, तिच्यात टॉर्च आणि स्वेटरच्या खाली जाड सुती मोजे तेवढे वाढवा.

कळावे,
आपला,
आसन क्रमांक १७
सांगली